पाच भाग आणि एक सही

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच "आई, थांब जरा" म्हणता येत नाही. आता निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच.

पेपरातलं ते कात्रण जपून ठेवलं असशील तर आधी फाडून टाक. म्हणे "वृद्ध दांपत्याची तलावातून सुटका"! वृद्ध कोण? मी सहासष्टची, तुझे बाबा एकाहत्तरचे, आणि बातमी लिहिणाऱ्याला धक्क्याच्या चौदा पायऱ्या चढून धाप लागली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि सुटका कसली? आम्ही काय कैदेत होतो?

झालं ते इतकंच. गुरुवारी बाबा कुणाचं घड्याळ दुरुस्तीला हातात घेत नाहीत. दुकान विकलं, समोरच्या खोलीत टेबल मांडलं, तरी गुरुवारची सुट्टी मोडली नाही. दुपारची भांडी आवरली की आम्ही बोट घेऊन तलावात निघतो. थर्मासमध्ये चहा, डब्यात पाव-लोणी आणि दोन उकडलेली अंडी. बाबा मागे मोटरपाशी सुकाणू धरून, मी पुढे पाय पसरून. मध्यावर गेलं की ते वेग कमी करतात, मग कुणी काही बोलत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दोन तास माझ्याकडे कुणी काही मागत नाही, असं जगात ते एकच ठिकाण आहे.

त्या दिवशी मोटर खोकायला लागली. घड्याळाची टिकटिक जरा लंगडली तरी ज्याला जेवण जात नाही, त्याला ते कसं सहन होणार? मोटर बंद केली, मागचं झाकण काढलं आणि साफसफाई सुरू. त्यात एक बारीक भाग पाण्यात पडला. पडतो एखादा. वल्हं एकच होतं, दुसरं रंगवायला घरी आणलेलं. मग बसलो चार तास. वारा नेईल तिकडे गेलो. अंडी खाल्ली, बाबांनी बेसूर गाणी म्हटली, मी टोपी तोंडावर घेऊन एक झक्क डुलकी काढली. संध्याकाळी गाळ उपसणारी बोट आली, तिने ओढत आणलं. बस्स.

आता कामाचं. धक्क्यावरच्या कारकुनाने नोंदवहीत लिहिलंय, "कारण: चालकाच्या वयामुळे झालेला हलगर्जीपणा." त्यामुळे बोटीचा परवाना नव्याने हवा तर जवळच्या नातेवाइकाची हमीची सही पाहिजे. नातेवाईक म्हणजे तूच, आम्हाला दुसरं आहे कोण? ३१ मार्चपर्यंत सही नाही आली तर परवाना रद्द आणि बोट धक्क्यावरून उचला. फॉर्म सोबत आहे. सही कर आणि लगेच पाठव. उपदेश वेगळ्या पाकिटात घाल, म्हणजे उघडायचं की नाही ते मला ठरवता येईल.

तुझी आई


९ फेब्रुवारी

आई,

उपदेश याच पाकिटात आहे. मी सही करणार नाही.

अठरा वर्षं मी विम्याच्या ऑफिसात अपघाताचे दावे तपासते. माझ्या टेबलावर ज्याची ज्याची फाईल येते, तो त्या दुपारी मजेतच घरून निघालेला असतो. भर पाण्यात मोटर उघडली, वल्हं एकच, फोन घरी. हे कुणा परक्याचं असतं तर मी लाल शाईने खूण करून पुढच्या फाईलकडे वळले असते. तुमचं आहे म्हणून तीन दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही.

तुला वाटतं मी पेपरातल्या बातमीने घाबरले. नाही. मी तुझ्या एका वाक्याने घाबरले. "एक बारीक भाग पडला, पडतो एखादा." बाबांच्या हातून? अगं, मी सात वर्षांची असताना त्यांच्या टेबलावरचा एक स्क्रू जरासा सरकवला, तर दोन दिवस मला त्या खोलीत फिरकू दिलं नव्हतं त्यांनी. काढलेला प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर डावीकडून उजवीकडे, ओळीने. असा माणूस भाग पाण्यात घालवतो, याचा अर्थ हात थरथरायला लागलेत, नाहीतर लक्ष उडायला लागलंय. मागच्या खेपेला चष्मा डोक्यावर होता आणि ते घरभर शोधत होते, ते मी विसरले नाहीये.

खालच्या मजल्यावरची खोली मी रिकामी करून घेतलीय. इकडे या. बोटीसाठी गिऱ्हाईकही बघून ठेवलंय, आमच्याच ऑफिसातला आहे, नीट वापरेल. रागावशील, माहीत आहे. रागाव. पण तू जिवंत राहून रागाव.

ठमी


१४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

गिऱ्हाईक बघून ठेवलंयस? आम्ही काय मेलो? बोटीला गिऱ्हाईक, आम्हाला खोली, उद्या माझ्या शिलाईमशीनलाही कुणी बघून ठेव. फोटोला हारही सांगून टाक.

चष्म्याचं म्हणशील तर तो माणूस पंचविसाव्या वर्षापासून डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतोय. मला बघायला आले होते तेव्हाही शोधत होते. त्याला म्हातारपण म्हणत नाहीत, त्याला तुझे बाबा म्हणतात.

खोलीबिली मला सांगू नकोस. आम्ही कुठे येणार नाही. तुझ्या घरी पहिल्या दिवशी मी पाहुणी असेन, आठव्या दिवशी अडचण. इथे मी मालकीण आहे. बाजारातून पिशव्या मी आणते, गच्चीवरची टाकी बाबा धुतात, दुधाचा हिशेब दोघांचा चुकतो आणि दोघं भांडतो. कशाची कमी आहे?

पण एक सांगते, आणि हे तुझ्यामुळे झालंय. तुझं पत्र मी डाळीच्या डब्यामागे ठेवलं होतं, ते त्यांनी शोधून वाचलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेली घड्याळं एकेक करून ज्याची त्याला परत केली. शाळेतल्या बाई आल्या होत्या, त्यांना म्हणाले, "दुसरीकडे दाखवा, माझ्या हाताचा आता भरवसा नाही." मग टेबलावर चादर टाकली. डोळ्याला लावायचं भिंग सुद्धा कपाटात टाकलंय. दिवसभर खिडकीपाशी बसतात. काल जेवायला वाढलं तर मला विचारलं, "मी मघाशी जेवलो का गं?" त्यांना आठवत होतं, ठमे. ते स्वतःची परीक्षा घेत होते.

हे तुझ्या चार ओळींनी झालं. सही कर, म्हणजे माणूस उठून उभा राहील.

आई


१८ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले, मग बाबांना फोन लावला. तू बाजारात गेली होतीस.

त्यांचा आवाज इतका मवाळ मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "पाच भाग होते, ठमे. जेट, सुई, दोन स्क्रू, एक वायसर. पाचही गेले. मी ते ओळीने मांडले होते असं मला पक्कं आठवतंय. आणि तिथे कापडच नव्हतं. म्हणजे मला जे पक्कं आठवतं, ते झालेलंच नाही. तुझं बरोबर आहे. विकून टाक बोट."

आई, तू मला लिहिलंस, एक भाग पडला. बाबा म्हणतात, पाच. एक असेल तर हातून पडतो. पाच भाग एकाच वेळी हातून पडत नाहीत, ते ज्यावर मांडलेले असतात ती वस्तू उलटते. मग ते कापड गेलं कुठे? पाण्यात पडलं असतं तर तरंगलं असतं थोडा वेळ, दिसलं असतं. बोटीत माणसं दोन. एकाचं डोकं मोटरमध्ये होतं.

अठरा वर्षं लोक मला अर्धंच सांगत आलेत. उरलेलं अर्धं कसं दिसतं ते मला आता ओळखता येतं. माझ्या पत्रावर खापर फोडलंस ते मी घेतलं, कारण त्यातलं थोडं माझंच आहे. बाकीचं कुणाचं आहे ते लिही.

ठमी


२१ फेब्रुवारी

चि. ठमीस,

हो. मी केलं.

घे, लाल शाई काढ आणि खूण कर. मी केलं, मी लपवलं आणि तुला खोटं लिहिलं. आता नीट ऐक कसं झालं ते.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या कापडखात्यात काढली. चादरी, अभ्रे, टॉवेल. तिथे पहिल्या दिवसापासून एकच शिकवण होती, झटकल्याशिवाय घडी नाही. कापडात सुई राहिलेली असते, काचेचा तुकडा असतो, आणि तो उद्या कुणाच्या तरी पाठीत जातो. दिवसाला तीनशे-चारशे कापडं झटकलीयत मी. माझं मनगट मला विचारत बसत नाही.

बाबांच्या टेबलावरचे पांढरे चौकोन मीच शिवते, आणि डब्याखाली अंथरायचे रुमालही त्याच ताग्यातले. सारखे दिसतात. त्यांनी एकावर भाग मांडून तो मधल्या फळीवर ठेवला आणि पाठ करून मोटरीत डोकं घातलं. पाव-लोणी खाऊन झालं होतं, मी डबा आवरत होते. एक रुमाल उचलला, बोटीबाहेर धरला आणि झटकला. चार कोपरे जुळवून घडी घातली. मग पाण्यात बारीक आवाज झालेला माझ्या लक्षात आला.

ते मागे वळले. फळी रिकामी. घडी माझ्या हातात. आणि मी काय विचारलं असेल? "अहो, काय झालं?" काय झालं म्हणून विचारलं, ठमे! मी!

तेव्हा वाटलं, चहा पिता पिता सांगू, हसतील. मग वाटलं, धक्क्यावर पोचल्यावर सांगू. मग ओढणारी बोट आली, पेपरवाला आला, आणि कारकुनाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चूक माझीच. माझं वय झालं." मी शेजारी उभी होते. मूग गिळून उभी राहिले.

कारण विचारशील. भीती. माझ्या वेंधळेपणाने त्यांचे भाग गेले हे कळलं तर ते मला पुन्हा बोटीत घेणार नाहीत. तुला माहीत आहे ते त्यांच्या कामात कुणाचा हात खपवून घेत नाहीत. तुला दोन दिवस खोलीबाहेर ठेवलं, मला त्या दोन तासांबाहेर ठेवतील. मी त्या दोन तासांसाठी आठवडाभर जगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनाही नाही.

आता त्यांना काय तोंडाने सांगू? तू सांगू नकोस. मी बघते. आणि सही तरीही मागते. चूक माझी आहे, म्हणून मी नमतं घेईन असं समजू नकोस. उलट आता तर जास्तच मागते. त्या माणसाच्या हातांना काहीही झालेलं नाही.

आई


२५ फेब्रुवारी

आई,

सही करून फॉर्म पाठवतेय. ऑफिसातल्या त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

फक्त बाबांना सांगेपर्यंत हा फॉर्म धक्क्यावर नेऊ नकोस. मी सांगणार नाही, शब्द देते. पण रोज दिवसभर ते खिडकीपाशी बसतायत आणि तू बघतेयस. तू इतकी भित्री कधीपासून झालीस गं? मला वाढवणारी बाई अशी नव्हती.

ठमी


३ मार्च

चि. ठमीस,

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. आज लिहितो, कारण घरात बोलायची सोय नाही. तुझ्या आईशी मी कालपासून बोलत नाहीये.

काल जेवताना तिने सांगितलं. ताट पुढ्यात ठेवलं आणि उभ्या उभ्या, पाठ केल्यासारखं, एका दमात सगळं. मग म्हणाली, "आता काय बोलायचं ते बोला, मी रडणार नाही." आणि रडली.

तिला वाटतं मी भागांसाठी रागावलो. भाग गेले तळात! दुसऱ्या दिवशी बाजारात मिळतात. वायसर तर मी घरी कापला असता. महिनाभर मी काय केलं, तुला सांगतो. सकाळी उठलो की स्वतःला विचारायचं, काल भाजी कोणती होती? साताचा पाढा म्हणायचा. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या आणि उतरताना परत मोजायच्या. मी कामातून गेलो, आता तुम्हा दोघींना माझं करावं लागणार, असं धरून चाललो होतो. तिला रोज दिसत होतं.

पण तेही सोड. राग कशाचा, ते ऐक. चव्वेचाळीस वर्षांत या बाईने माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. डॉक्टरसमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, आमच्याच लग्नाची हकिगत मी कधी शेवटापर्यंत सांगू शकलो नाही. आणि त्या कारकुनासमोर मी म्हणालो, "माझं वय झालं," तर ते तेवढं वाक्य तिने पुरं होऊ दिलं! मी थांबलो होतो, ठमे. आता ती "काहीतरीच काय" म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. तिने काही म्हटलं नाही. म्हणून मी खरं मानलं.

तुझी सही पोचली. आभार. पण मला ती नको. नोंदवहीत चुकीचं लिहिलंय, ते बदलल्याशिवाय मी परवाना घेणार नाही. जिने केलंय तिने तिथे येऊन सांगावं, ही माझी अट आहे. ती तिला चिठ्ठीवर लिहून दिली आहे, कारण मी बोलत नाहीये.

टेबलावरची चादर काढली. शाळेतल्या बाईंना निरोप पाठवलाय.

बाबा


१३ मार्च

चि. ठमीस,

तुझा फॉर्म परत पाठवते आहे. सही सुरेख आहे, पण लागली नाही.

गेल्या शुक्रवारी गेलो धक्क्यावरच्या कचेरीत. बाबा पुढे, मी मागे, मध्ये चिठ्ठी. गर्दी होती. मासेमारीचे परवाने नवे करायचे दिवस, सात-आठ जण बाकावर. मी कारकुनाला म्हटलं, नोंदवही काढा, त्यात खोटं लिहिलंय. त्याने काढली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. यांनी भाग मांडले होते, नीट ओळीने, मी रुमाल झटकला, पाचही भाग पाण्यात घालवले, आणि त्यांना दोष लागत असताना गप्प बसले. वयाचा काही संबंध नाही, मी विशीतही असंच झटकलं असतं.

कारकून पेन खाली ठेवून समजुतीने हसला. म्हणाला, "आजी, नवऱ्याला वाचवायला सांगताय, कळतं आम्हाला."

माझं तर डोकंच फिरलं. खरं बोलायला महिना लागला आणि हा ते ऐकायला तयार नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बोलले. पाच दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, "साहेब, हिने आयुष्यात मला वाचवायला एकही खोटं सांगितलेलं नाही. स्वतःला वाचवायला पुष्कळ सांगितलीयत. लिहा."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, काय करणार? कारकुनाने जुनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, "कारण: सहप्रवाशाने सुटे भाग नजरचुकीने पाण्यात टाकले." वय गेलं, त्याबरोबर हमीची सहीही गेली. बोटीत दोन वल्ही आणि फोन ठेवू, असं मात्र बाबांनी लिहून दिलं. ते तुझ्यासाठी.

तरी घरी आल्यावर अबोला होताच. बुधवारी त्यांनी नवे भाग बसवले, मला बोलावलं नाही. काल गुरुवार. मी भांडी आवरली आणि डबा भरलाच नाही. कोणत्या तोंडाने भरू? तर दोन वाजता दारातून आवाज, "अंडी उकडलीस का?" अगं, उकडलेली नव्हती. नुसता चहा घेऊन पळाले.

मध्यावर गेल्यावर त्यांनी मोटर बंद केली. मग माझ्याकडे बघून अगदी सावकाश, एकेक शब्द मोजत म्हणाले, "माझं आता वय—"

"अहो, गप्प बसा," मी म्हटलं. "काहीतरीच काय!"

ते थांबले. मग इतके हसले की बोट हलायला लागली.

तुझी आई